मासे कोणी ठेवले?

ब्लूगिल लेक, मिशिगन
२८ एप्रिल २०१९

निता,

उभी असशील तर आधी बस. गावात रंगारी आलेत.

दक्षिण काठावरची घरं रंगवणं चाललंय. एक निळं, एक हिरवं, आणि एक तर चक्क वांग्यासारखं जांभळं. रविवारी चर्चहून येताना वाटलं, वळण चुकलं, भलत्याच गावात शिरले. गाडी थांबवून बघते तर समोर आपलाच धक्का आणि आपलंच तळं. लँटर्न क्लबवर नवं छप्पर चढतंय. क्लबच्या खिडकीखालच्या दगडावर चढून आपण आतलं गाणं ऐकायचो आणि तुझी आई कान धरून दोघींना घरी न्यायची, आठवतं? त्या दगडाभोवती आता दोरी बांधलीय आणि पाटी लावलीय, ‘ऐतिहासिक स्थळ’. मी पाटी लावणाऱ्या पोरांना म्हटलं, बाबांनो, तो नुसता दगड आहे. त्यांनी माझाच फोटो काढला.

हायवेवर फलक लागलाय, ‘ब्लूगिल लेक. शंभर वर्षांपासून आपलं.’ वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्या पाण्याचाच राग आला. कुठलंही हॉटेल आपल्या काळ्या लोकांना खोली देत नव्हतं तेव्हा डॉक्टर काय, मास्तर काय, पोस्टमन काय, सगळे उन्हाळा आला की इथे धावायचे. मग कायदा बदलला, सगळीकडची दारं उघडली, आणि सगळे त्या दारांतून निघून गेले. त्या कायद्याला मी नावं ठेवत नाही. पण गेले ते गेलेच. मी आणि रूफस राहिलो, आणि आता रूफसही नाही. हिवाळ्यात आमच्या काठाला दिवे दोनच, एक माझा आणि एक ओरिस डॅगेटचा, तोही म्हातारा लवकर झोपतो.

तू दर नाताळला लिहितेस, झेला, कशाला राहतेस तिथे भुतासारखी, शिकागोला ये, माझ्या बिल्डिंगमध्ये खोली बघते. मी कधी उत्तर दिलं नाही. आता देते. कधीकाळी लोक परत आले, तर त्यांच्या घरात मासे ठेवायला कुणीतरी असायला हवं होतं ना?

तू शहरी झालीस, विसरली असशील. नवं बिऱ्हाड आलं की मोसमाचे पहिले मासे त्यांचे. त्यांना आधी काही सांगायचं नाही, दार वाजवायचं नाही. मागच्या दाराने आत जायचं, साफ केलेले मासे बर्फाच्या कपाटात ठेवायचे आणि पसार व्हायचं. मग ती माणसं पडवी-पडवी हिंडणार, ‘मासे कोणी ठेवले?’ आणि जो तो म्हणणार ‘मी नाही’, आणि बसवून लिंबाचं सरबत पाजणार. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाची ओळख. ठेवणाऱ्याने मात्र मरेपर्यंत कबूल करायचं नाही. आपण पहिल्यांदा आलो तेव्हाचे मासे रूफसचे होते. जन्मभर माझ्याशी संसार केला पठ्ठ्याने, पण शेवटपर्यंत ‘मी नाही’.

तर डॉक्टर पर्सलांचं पिवळं घर विकलं गेलंय. कोण येणार ते कुणालाच माहीत नाही. त्या मागच्या दाराची कडी अजून तीच, सुरीच्या टोकाने उचलली की उघडते. किती वर्षांनी गावात नवं बिऱ्हाड! मी गळ साफ करून ठेवलेत.

तुझी
झेला


शिकागो
९ मे

झेला,

विसरली असशील म्हणे! अगं, आमच्या घरचे मासे मी आणि आईने ज्यांच्याकडे ठेवले त्यांची नावं तुला झोपेतही म्हणून दाखवीन. पण म्हणणार नाही, कारण आम्ही ठेवलेच नव्हते.

तुझं पत्र मी चर्चमध्ये बायकांना वाचून दाखवलं. जांभळ्या घरावर सगळ्या पोट धरून हसल्या. पण तुला सांगते, मी घरी येऊन रडले. आपलं गाव पुन्हा जागं होतंय, आणि आपलीच लेकरं ते जागं करतायत. आता तुला एकटीने बर्फ उपसायला नको की रात्री कुठे काही वाजलं तर दचकायला नको. काठावर दिवे असतील, आणि दिव्यांखाली आपली माणसं.

पिवळ्या घरात कोण येणार, हे मला कसं ठाऊक असणार? मला विचारूच नकोस. एवढंच सांगते की या उन्हाळ्यात तुझ्यासाठी एक गंमत आहे. ओठांवर कुलूप घातलंय, ते तूही उघडू शकणार नाहीस.

आमची जनेल मजेत आहे. माझी नात म्हणून सांगत नाही, पण हॉस्पिटलात तिच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. चार वर्षांची असताना एकदा तुझ्या धक्क्यावरून पाण्यात पडली होती आणि रूफसने शेपटी धरावी तशी वेणी धरून वर काढली होती. तिला तेवढंच आठवतं. बाकी ब्लूगिलच्या सगळ्या गोष्टी मी तिला सांगितल्यात, माशांचं सोडून. रिवाज तो रिवाज.

नवी टोपी घेतलीय. उन्हाळ्यात येईन तेव्हा तुझ्या डोळ्यांत भरेल.

तुझी
निता


ब्लूगिल लेक
३ जून

निता,

हात अजून नीट चालत नाही, अक्षर समजून घे. फोन करू नकोस, उचलणार नाही.

शनिवारी उजाडताच होडी घेऊन गेले. ब्लूगिल मासे चांगले लागले, तळहाताएवढे. धक्क्यावरच खवले काढले, मेणकागदात बांधले. अंगात रूफसचा कोट, डोक्याला त्याचीच टोपी, मासे धरायला जाताना मी नेहमी तेच घालते. पिवळ्या घरापुढे गाडी नव्हती. म्हटलं, बरं झालं, पळत सुटायला नको. सुरीच्या टोकाने कडी उचलली, आत गेले. फ्रीज नवा, माझ्यापेक्षा उंच. खालच्या कप्प्यात दुधाच्या बाटल्या होत्या, त्या सरकवून जागा करत होते.

मागून ओरडा झाला. ‘हात दिसू देत! खाली बस!’

शेरीफची दोन माणसं. एकाने पिस्तूल काढलेलं. निता, माझ्या एका हातात मासे होते आणि दुसऱ्यात सुरी. सुरी टाकावी हेसुद्धा मला सुचेना. तो पुन्हा ओरडला तेव्हा ती हातातून आपोआप पडली. ‘खाली बस’ म्हणाला. माझा गुडघा बसतो का कधी? मी तसं सांगितलं. त्याला वाटलं मी ऐकत नाही. त्याने खांदा दाबून मला जमिनीवर बसवलं. मासे फरशीवर सांडले, त्यांतच मी. टोपी पडली, तेव्हा त्यांना कळलं बाईमाणूस आहे, म्हातारी आहे. त्यानंतरही गाडीत मागच्या जाळीआड बसवून ठेवलं. ओरिस लंगडत आला आणि माझं नाव सांगितलं, तेव्हा कुठे सोडलं. सुरी नेली. रूफसची सुरी होती ती.

त्या घराला मागच्या दारावर कॅमेरा आहे. मालकीण शिकागोकडे होती, तिने तिथून आपल्या फोनमध्ये पाहिलं की कुणी बुवा सुरीने दार उघडतोय, आणि शेरीफला कळवलं. मी त्या पोलिसाला म्हटलं, गोऱ्या लोकांनी घेतलं का हे घर? तो जरा हसला. म्हणाला, ‘नाही बाई. तुमच्यातलीच आहे.’

आपलेच दात आणि आपलेच ओठ, निता. या गावात दोन मेहुण्यांनी वल्ह्यांनी एकमेकांची डोकी फोडली, आपण टाके घालून आणले पण शेरीफला बोलावलं नाही. डॉक्टर पर्सलांची गाडी कुणी तळ्यात ढकलली, तरी बोलावलं नाही. तुझे वडील हायवे सोडून आपल्या रस्त्याला वळले की गळपट्टा सैल करायचे, आठवतं? अख्ख्या वर्षात तेवढा एकच उन्हाळा त्यांचे खांदे खाली यायचे. ती भीती आपण वळणावर ठेवून आत यायचो. सत्तर वर्षांत ती आत आली नव्हती. आता आली, आणि आणली कुणी, तर आपल्याच माणसाने.

मी शिकागोला येते. खोली बघ. ज्यांच्यासाठी थांबले होते ते आले, आणि पुरे झालं. त्या बाईचं नाव मला कळायला नको. विचारणारही नाही.

झेला


शिकागो
८ जून

झेला,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. स्वयंपाकघरातच खाली बसले.

खोली आहे, तिसऱ्या मजल्यावर, मी धरून ठेवते. पण दोन आठवडे थांब. घर बंद करू नकोस. तुझ्या पडवीवर कुणी आलं तर दार लावून घेऊ नकोस, ऐकून घे. मी तुझ्याकडे जन्मात काही मागितलं नाही. एवढं दे.

जास्त लिहवत नाही.

निता


ब्लूगिल लेक
२० जून

निता,

तुझं चार ओळींचं पत्र वाचून मला वाटलं होतं, बाई आजारी पडली. आता कळलं कशाने.

काल सकाळी ओरिस घाईघाईने आला. म्हणाला, पिवळ्या घरची पोरगी आलीय आणि पडवी-पडवी विचारत हिंडतेय. काय विचारतेय? तर मासे कोणी ठेवले. मला खरंच वाटेना. अगं, तिच्या फोनमध्ये माझं चित्र आहे! गावाला ठाऊक, शेरीफला ठाऊक, झाडावरच्या खारींनाही ठाऊक. ओरिस म्हणाला, ‘मी पण तिला म्हटलं, मी नाही.’ आणि त्याने तिला सरबत पाजलं! मी त्याला म्हटलं, तुला लाज नाही. तो माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, ‘रिवाज आहे, ओझेला. ती विचारतेय तर मी काय करणार?’

जांभळ्या घरी गेली, निळ्या घरी गेली. नव्या लोकांना काहीच माहीत नाही, त्यांनी तिला कॉफी दिली आणि खरंच म्हणाले, आम्ही नाही. माझ्याकडे शेवटी आली. मी पडवीत मटार सोलत होते. ती पायरीखालीच थांबली. पिवळा फ्रॉक, पायांत शहरी चपला, चपलांना चिखल. डोळे सुजलेले.

म्हणाली, ‘मिस ओझेला, आमच्या फ्रीजमध्ये मासे कोणी ठेवले?’

मी वर बघितलं आणि माझ्या मांडीवरचं भांडं खाली गेलं. ते दात, निता. पुढच्या दोन दातांमधली ती फट. तुझ्या आईची फट, तिच्या बहिणीची म्हणजे माझ्या आईची फट, तुझी फट. वेणी धरून तळ्यातून काढलेल्या पोरीची फट.

रिवाजाप्रमाणे एकच उत्तर आहे. ते म्हटलं असतं तर पोरीच्या जिवाला थंडावा पडला असता, हे मला कळत होतं. पण जीभ वळेना. मी म्हणाले, ‘मी ठेवले.’

या गावात आजवर कुणी म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं. ‘मी ठेवले, आणि त्यांनी मला त्याच माशांत बसवलं.’

ती मटार गोळा करायला वाकली. मी म्हटलं, राहू दे. तरी सगळे गोळा केले, भांडं पायरीवर ठेवलं आणि गेली.

मला एवढंच सांग. तुला माहीत होतं ना, पिवळ्या घरात कोण येतंय?

झेला


शिकागो
२५ जून

झेला,

माहीत होतं. हीच ती गंमत.

तिने आणि तिच्या नवऱ्याने, टेरेन्सने, घर घेतलं ते माझ्याच नादाने. मीच म्हटलं, झेलाला कळू देऊ नका, ती मासे ठेवील, मग तुम्ही पडव्या फिरत तिच्या दारी जाल आणि ती तुमचे दात बघून किंचाळेल. म्हणजे हे सगळं मी मनात म्हटलं. पोरीला माशांचं सांगितलंच नाही, नव्या माणसाला सांगायचं नसतं म्हणून. तुला पोरीचं सांगितलं नाही. दोघींना अंधारात ठेवून मी इकडे नवी टोपी घालून आरशात बघत बसले.

आणखी एक आहे, ते माझ्याकडूनच ऐक. त्या शनिवारी जनेलचा फोन आला. रडत होती. म्हणाली, आजी, एक माणूस सुरीने आमचं मागचं दार उघडतोय. मी विचारलं, पोलिसांना कळवलंस ना? हो म्हणाली. मी म्हटलं, ‘शाबास.’

सुरी आणि मागचं दार ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शहरात राहून माझी अशी माती झाली, झेला. तुझं पत्र आलं तेव्हा तो ‘शाबास’ माझ्याच थोबाडावर बसला.

पोरीची बाजू घेत नाही, पण ऐक. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या इथल्या घरात मागच्या दारानेच चोर शिरला. बाळ पाळण्यात होतं आणि जनेल अंघोळीला. तेव्हापासून ती दर खोलीत कॅमेरा लावते. ब्लूगिलला ती घाबरून जगणं सोडायला आली होती. तुझं पत्र आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिला म्हटलं, क्षमा मागू नकोस, तिथे ते चालत नाही. फक्त विचारत जा.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली मी आणून ठेवलीय. येणार असशील तर ये. तुला थांब म्हणायला आता मला तोंड नाही.

निता


ब्लूगिल लेक
९ जुलै

निता,

तुझा ‘शाबास’ वाचला आणि पत्र रद्दीत टाकलं. दोन दिवसांनी काढलं. खोके बांधायला घेतले होते. रूफसचे गळ, चर्चचे हातपंखे, भांडी. ओरिस रोज येऊन एक बांधलेला खोका पुन्हा उघडून जायचा.

त्या शनिवारपासून मी मागच्या दाराला कडी घालायला लागले होते. नुसती रात्री-बेरात्री नव्हे, भरदिवसाही. चर्चला जाताना, न्हाणीघरात जाताना. जन्मात कधी घातली नव्हती.

रविवारी सकाळी बिछान्यातच होते. मागच्या दाराशी आवाज आला. कुणीतरी कडीखाली सुरी घालत होतं. तो आवाज मी डोळे मिटून ओळखते, मीच तो किती दारांना केलाय! पण निता, माझं अंग गार पडलं. हे आपल्या गावचं आहे, आपल्या रिवाजाचं आहे, असं काही काही मनात आलं नाही. हात आपसूक फोनवर गेला. शेरीफचा नंबर लागला. पलीकडची बाई म्हणाली, बोला, काय झालंय? आणि मी, मेहुण्यांची फुटलेली डोकी बघून गप्प बसलेली मी, म्हणाले, ‘माझ्या घरात कुणीतरी शिरतंय. सुरी आहे.’

माझ्याच तोंडून निघालं ते. पत्ता पण सांगितला.

मग फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी ओरडले, ‘कोण आहे तिकडे?’

 मग बारीक आवाजात, ‘मी नाही, मिस ओझेला.’

माझ्या हातून फोन पडायचाच राहिला. त्या बाईला म्हटलं, चूक झाली, घरचंच माणूस आहे. ती म्हणाली, नक्की ना, बाई? मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, बरं. पण गाडी निघाली की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

आत गेले. स्वयंपाकघरात जनेल उभी होती, टेरेन्सचा गोधडीएवढा रेनकोट चढवून, केसांना फडकं बांधून. हातात सुरी. फ्रीजमध्ये मासे, अर्धे खवले तसेच, कल्ले पण काढलेले नाहीत. कुत्र्याने खाऊ नयेत असे मासे, निता. मी तिला सांगितलं, पोरी, मी फोन केलाय.

तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिने आधी सुरी न्हाणीत नेऊन ठेवली, आपल्यापासून लांब. मग टेबलाशी येऊन बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, बोटं पसरून, दिसतील असे. कुणी शिकवलं होतं तिला? तुझ्या मुलाने शिकवलं असणार, त्याला तू, तुला तुझ्या वडिलांनी. मी तिच्यासमोर बसले आणि माझेही हात तसेच ठेवले. दोघी तशाच बसून रस्त्याकडे बघत होतो.   मला वाटलं होतं, ही भीती तिने गावात आणली. ती तर माझ्या उशीखालीच होती.

गाडी आली नाही. पाइनच्या सावल्या अंगणातून मागे गेल्या तरी आली नाही. मग मी उठून मक्याचं पीठ काढलं. तिला म्हटलं, पुन्हा खवले काढ, शेपटीकडून डोक्याकडे. ती रडत रडत काढत होती. तळलेले मासे खाताना काटा लागला तेव्हा एकदाची हसली, आणि ती फट दिसली.

दुपारी मी काठी घेऊन निघाले. सगळ्या पडव्यांवर विचारलं, माझ्या घरी मासे कोणी ठेवले? ओरिस म्हणाला, मी नाही. जांभळ्या घरची माणसं म्हणाली, आम्ही नाही, आणि या वेळी ती हसत होती, कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. पिवळ्या घराशी आले तर पोरगी पायरीवर उभी. मागच्या दारावरचा कॅमेरा तिने काढलाय, पुढचा ठेवलाय. मी त्याबद्दल काही बोलले नाही, माझ्या दाराची कडी मीही अजून घालतेच. विचारलं, पोरी, मासे कोणी ठेवले?

ती ‘मी नाही’ म्हणाली आणि मला सरबत दिलं. साखर जास्त होती.

ती खोली दुसऱ्या कुणाला दे. ऑगस्टमध्ये ये, ती टोपी घालून ये. आणि येताना मासे साफ करायची एक चांगली सुरी आण. पोरीकडची बोथट आहे, आणि माझी त्यांनी अजून परत दिलेली नाही.

झेला